आमच्या मशिदीच्या वह्या मातीत घालू नका

इस्रायलच्या नेगेवमधल्या, महाराष्ट्रातून आलेल्या आम्हा बेने इस्रायल यहुद्यांच्या छोट्या प्रार्थनास्थळाच्या समितीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, चिटणीस आणि समितीचे सर्व सभासद,

शालोम आणि नमस्कार.

गेल्या महिन्यात शब्बाथच्या सकाळी आपल्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. हिब्रूत, जेमतेम चार ओळी. मी वाचत असताना शेजारी उभ्या असलेल्या, नव्वदीला टेकलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय गं लिहिलंय? सणाची वेळ बदलली का?" मला त्यांना मराठीत सांगावं लागलं की वेळ बदललेली नाही, मशीदच बंद होणार आहे. तिश्री महिन्याचे सण झाले की आपली तेफिला, म्हणजे प्रार्थना, शेजारच्या मोठ्या बेत कनेसेतमध्ये, दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळात होईल, कपाटातली जुनी पुस्तकं आणि कागद गेनिझासाठी, म्हणजे पुरण्यासाठी गोळा होतील, आणि भिंतीवरच्या मृतांच्या नावांच्या पाट्या ज्यांच्या असतील त्यांनी उचलून न्याव्यात. मावशी काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि नवऱ्याच्या पाटीखाली बसून राहिल्या.

मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली, दोन्ही हाती दिली. उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं सगळ्यांसमोर लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण मंडळाच्या ज्या जुन्या वह्यांबद्दल मला बोलायचं आहे त्या मराठीत आहेत. गावाचं, मशिदीचं आणि तुमचं नाव मी लिहीत नाही. तुम्हाला उघडं पाडण्यासाठी हे पत्र नाही. तुमच्यापैकी तिघांना मी लहानपणापासून ओळखते. आपल्या आया एकाच शिकूनमध्ये, म्हणजे सरकारी वसाहतीत, एकाच दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. शिवाय हे फक्त आपल्या गावात घडतंय असंही नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. मी मशीद म्हणते ते यहुदी प्रार्थनास्थळ, सिनेगॉग. कोकणातली आणि मुंबईतली आमची जुनी माणसं त्याला मशीदच म्हणायची. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत पहिली मशीद बांधली, 'शआर हाराहामीम', म्हणजे दयेचं द्वार. पुढे दुसरी झाली तेव्हा पहिली 'जुनी मशीद' आणि दुसरी 'नवी मशीद' झाली. मशीद बंदर स्टेशनचं नाव आपल्याच मशिदीवरून पडलं, असं माझे वडील लोकलमधून जाताना दर वेळी सांगायचे.

माझे वडील या मंडळाचे पहिले खजिनदार. नंतर बरीच वर्षं चिटणीसही तेच. परळच्या गिरणीत जॉबर होते. १९६३ मध्ये आम्ही आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इथेही त्यांना कापडाच्या कारखान्यातच काम मिळालं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला सांगितलेलं मला आठवतं, "यंत्रं ओळखीची आहेत. माणसं ओळखायला वेळ लागेल."

त्या वर्षीचा किप्पुर, वर्षातला मोठा उपास, आजीच्या भाषेत दारफाळणीचा सण, आम्ही शेजारच्या मोरोक्कन लोकांच्या बेत कनेसेतमध्ये केला. त्यांनी आम्हाला मागच्या बाकांवर जागा दिली आणि उपास सोडताना आपल्या घरची भाकरी दिली. ते उपकार मी आजही विसरलेले नाही, आणि या पत्रातला एकही शब्द त्यांच्याविरुद्ध नाही. पण घरी आल्यावर आजी पलंगावर बसून म्हणाली, "रडूच आलं नाही गं. चाल आपली नव्हती."

त्या एका वाक्यामुळे आपलं मंडळ उभं राहिलं. सुक्कोथचा सण संपल्यावर आमच्या दोन खोल्यांच्या घरात पलंग उभे करून भिंतीला टेकवले जायचे आणि मिन्यान, म्हणजे एकत्र प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, जमायचं. नऊ पुरुष जमले आणि दहावा मिळेना, तर वडील खाली जाऊन बेकरीवाल्याला हाक मारत. तोही मोरोक्कनच. पिठाच्या हातांनी वर यायचा. पहिल्या वहीत नोंद आहे: "आज नऊच जमले. दहावे बेकरीवाले. चाल आपलीच ठेवली." मग काही वर्षं जमिनीखालच्या मिक्लातमध्ये, बॉम्बपासून बचावासाठी बांधलेल्या खोलीत. तिथे ओल इतकी की सिद्दुरांची, प्रार्थनेच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटायची. शेवटी १९७१ मध्ये ही इमारत. बाक मात्र सामानाच्या खोक्यांच्या फळ्यांचेच राहिले. एका बाकाच्या खालच्या बाजूला अजून 'बॉम्बे' अशी काळ्या रंगातली अक्षरं आहेत. मुलं वाकून बघतात.

आपला सेफेर तोरा, धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, कोकणातून आला, हे तुम्हाला सांगायला नको. अलिबागच्या पुढच्या एका खेड्यातली माणसं संपली, मशिदीत दिवा लावायला कुणी उरलं नाही, तेव्हा तिथल्या शेवटच्या घराने तो लाकडी पेटीसह आपल्या स्वाधीन केला. आणणाऱ्या काकांनी विमानात तो सामानात टाकू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले. ती पावतीसुद्धा वहीत डकवलेली आहे. खाली मराठीत दोन साक्षीदारांच्या सह्या.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आपल्या लोकांचा इतिहास कागदावर फार उशिरा आला. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. एवढंच पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आलं. कोकणात घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झालो, गावांवरून आडनावं घेतली. पुस्तक नव्हतं, रब्बी म्हणजे धर्मगुरू नव्हता. शेमा ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि काय खायचं, काय नाही, एवढ्यावर शतकं काढली. सणांची हिब्रू नावंही विसरली गेली. पण सण राहिले, नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. मग मुंबईची मशीद आली, १८४० च्या दशकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथल्या मशिदी आल्या, आणि त्यांच्याबरोबर छपाई आली. १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, शिळाछापावर निघाली, १८७४ मध्ये पुण्यात दुसरी. १८८० मध्ये मुंबईत आपल्या लोकांनी मराठी कीर्तन सुरू केलं. आर्या, साक्या, दिंड्या, आणि कथा अब्राहामाची, योसेफाची. ज्यांना हिब्रू येत नव्हतं त्या बायाबापड्यांना तोरा पहिल्यांदा समजली ती मराठीतून.

म्हणजे मराठी ही आपल्यासाठी नुसती चूल-मूल सांभाळायची भाषा नव्हती. तिच्यातूनच आपण पुन्हा यहुदी धर्म शिकलो.

आणि तेच लोक इथे आले तेव्हा काय झालं? १९४८ च्या सुमाराला भारतात आपण वीस हजारांच्या आसपास होतो. पहिले लोक लगेचच आले. रंगावरून वागणूक मिळाली, कामं मिळेनात, म्हणून १९५१ मध्ये बेअर शेवाच्या आपल्या लोकांनी तेल अवीवला जाऊन ठाण मांडलं, आणि १९५२ मध्ये काही कुटुंबं चक्क मुंबईला परतली. त्यातली पुष्कळ नंतर पुन्हा इथेच आली. मग १९६२ चा तो हुकूम आला. आदल्या वर्षी बेने इस्रायलांशी लग्न करायला हरकत नाही असं मुख्य रब्बी-मंडळाने ठरवलं होतं, पण १९६२ मध्ये लग्न नोंदणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आईच्या आईची, आणि त्याच्याही मागे जाता येईल तितकी चौकशी करा. दुसऱ्या कुठल्याही समाजाचं नाव घेऊन अशी सूचना निघाली नव्हती.

माझ्या धाकट्या काकांचं लग्न त्या सूचनेत अडकलं. नोंदणीच्या टेबलामागच्या माणसाने विचारलं, "तुझ्या आजीची आई यहुदी होती याचा पुरावा?" काकांनी सांगितलं, ती चौलला राहायची, शनिवारी चूल पेटवायची नाही. त्या माणसाने पेन खाली ठेवलं. काका घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

ऑगस्ट १९६४ ची वही उघडून बघा. वडिलांचं अक्षर, निळी शाई: "जेरुसलेमास जाण्याकरिता मोटारभाडे. माणसे अकरा. वर्गणी साडेसत्तावीस लिरा. बायकांनी दशम्या बांधून दिल्या." देशभरातून आपली माणसं जेरुसलेमला जमली होती, ज्यूइश एजन्सीच्या, इथे येणाऱ्यांना वसवणाऱ्या संस्थेच्या आवारात बसली होती. १७ ऑगस्टला क्नेसेतची, इथल्या संसदेची खास बैठक झाली. बेने इस्रायल सर्व अर्थांनी यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असं सरकारने तिथे सांगितलं. पंतप्रधान लेवी एश्कोल होते. महिनाअखेर रब्बी-मंडळाने त्या सूचनेतून आपलं नाव काढलं. काकांचं लग्न हिवाळ्यात लागलं. ती नोंदही वहीत आहे, आणि त्या नोंदीत वडिलांनी, कुणी मागितलेलं नसताना, वधूवरांच्या आयांची, आज्यांची आणि पणज्यांची नावं गावांसह लिहिली. त्यानंतरच्या प्रत्येक लग्नाची नोंद त्यांनी अशीच केली. एकसष्ट लग्नं. पुढच्या चिटणीसांनीही तीच पद्धत चालू ठेवली.

तुम्ही गेनिझात देणार आहात ती ही वही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, म्हणून ती आधी मांडते. गेनिझा ही अपमानाची गोष्ट नाही हे मला ठाऊक आहे. ज्या कागदावर देवाचं नाव आहे तो आपण फेकत नाही, माणसासारखा दफन करतो. फाटलेली सिद्दुरं, ओलीने गेलेली हुमाशं, म्हणजे छापील तोरा, खुशाल न्या, मी स्वतः पोत्यात भरायला येईन. पण वीजबिलाच्या नोंदीचं, वर्गणीच्या पावत्यांचं, लग्नांच्या याद्यांचं दफन करा असं कुठल्या धर्मनियमात लिहिलं आहे? चिटणीसांनी मला जिन्यात सांगितलं की समितीत मराठी वाचणारं कुणी राहिलेलं नाही, कशात पवित्र नाव आहे आणि कशात नाही हे कळत नाही, म्हणून सरसकट सगळंच देऊन टाकणं सुरक्षित. ते प्रामाणिकपणे बोलले, याबद्दल मी त्यांचा मान ठेवते. पण वाचता येत नाही म्हणून पुरून टाकायचं, हे कारण मला मान्य नाही. वाचणारे अजून जिवंत आहेत. मी आहे. अशी आणखी पाच माणसं मला या गावातच माहीत आहेत. आम्हाला कुणी विचारलं नाही.

कैरोच्या बेन एझ्रा मशिदीतले लोक जुने कागद एका कोठडीत टाकत राहिले, म्हणून आज जगाला कळतं की बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा यहुदी व्यापारी मंगळूरला राहत होता, मिरी, लोखंड, पितळेची भांडी यांचा व्यापार करत होता. त्याची पत्रं, हिशेब, सामानाच्या याद्या सगळं त्या कोठडीत सापडलं. पवित्र कागदांबरोबर साधे हिशेबही तिथे पडून राहिले, आणि मातीत गेले नाहीत, म्हणून. आपल्या पूर्वजांची त्या काळातली एक चिठ्ठी जरी कुणी अशी ठेवली असती, तर १९६२ मध्ये कुणाची विचारायची हिंमत झाली नसती.

कपाटात काय आहे याची यादी तुम्ही केलेली नाही, म्हणून मी सांगते. इतिवृत्ताच्या पाच वह्या, लाल कापडी पाठीच्या. लग्न, जन्म आणि मृत्यू यांची नोंदवही. पावती पुस्तकं दोन खोकी भरून. कीर्तनाच्या तीन हस्तलिखित वह्या, त्यातली एक मुंबईहून आलेली, पदांवर चाली लिहिलेल्या. आणि बायकांची मलिद्याची, देवाच्या नावाने करायच्या पोह्यांच्या प्रसादाची वही. ही शेवटची तुमच्यापैकी कुणी बघितली नसेल. किती माणसांना किती पोहे, किती नारळ, खोबरं किती खवायचं, वेलची कधी घालायची, पाच फळं इथे कोणत्या महिन्यात कोणती मिळतात, हे वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं आहे. चाळीस पानं. इथे पहिल्या वर्षी पोहे मिळेनात, तेव्हा काय केलं, तेही आहे. एका पानावर नारळाच्या दुधाचा डाग पडून शाई पसरली आहे, आणि कुणीतरी बाजूला तेच माप पुन्हा सुवाच्य लिहिलं आहे. शेवटच्या पानांवर एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची गाणी, देवनागरीत लिहिलेली हिब्रू आणि खाली मराठी. माझ्या आईला हिब्रू लिपी शेवटपर्यंत आली नाही. ती या वहीवरून म्हणायची.

दुसरी तक्रार ठरावाच्या पद्धतीची. बैठकीला सात जण होते, सातही पुरुष. सूचना लागली ती फक्त हिब्रूत, बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. पावती पुस्तकं उघडलीत तर दिसेल की गेल्या वीस वर्षांतल्या निम्म्याहून जास्त वर्गण्या बायकांच्या नावावर आहेत. विधवा आहेत, निवृत्त आहेत, दर महिन्याला न चुकता देतात. दर गुरुवारी फरशी त्याच पुसतात. मिन्यानात त्यांची मोजणी होत नाही, तो धर्माचा भाग झाला, मी त्यात शिरत नाही. पण इमारत विकायची की ठेवायची, वह्या ठेवायच्या की पुरायच्या, हा हिशेबाचा आणि घरदाराचा प्रश्न आहे. त्यात त्यांना न विचारण्याचं कारण मला सापडत नाही.

मिन्यान जमत नाही, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. गेल्या हिवाळ्यात कितीतरी शब्बाथ सात-आठ माणसांवर थांबले. मुलं तेल अवीवला, अश्दोदला गेली, काही त्याहून लांब. दर शनिवारी दहाव्या माणसाची वाट पाहत खिडकीशी उभं राहणं किती जड जातं, हे मी पाहिलं आहे. वडीलही असेच उभे असायचे. तेव्हा एकत्र तेफिला करायला माझा विरोध नाही. पण आपण दुसऱ्याच्या घरी राहायला जातो तेव्हा आपली पेटी बरोबर नेतो. तुम्ही पेटी इथेच टाकून, रिकाम्या हातांनी आम्हाला पाठवताय. बोलणी झाली तेव्हा आपल्या चालींबद्दल एक शब्दही निघाला नाही, असं मोठ्या मंडळाच्याच एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या लोकांनी मागितलं असतं तर आम्ही नाही म्हटलं नसतं." त्या रात्री मला झोप आली नाही.

पाट्यांचंही तेच. एकूण चव्वेचाळीस पाट्या आहेत, मी मोजल्या. वर हिब्रू, खाली मराठी. ज्यांची मुलं आहेत ती घेऊन जातील. पण किमान सहा पाट्या अशा आहेत की त्या माणसांचं मागे कुणी नाही. त्यातला एक तो तरुण, आईवडिलांना मुंबईत ठेवून एकटा आला होता आणि कारखान्यातल्या अपघातात गेला. आईवडील इथे कधी आलेच नाहीत. त्याची हश्काबा, मृतासाठीची प्रार्थना, आजवर आपलं मंडळ म्हणत आलं. त्याची पाटी कुणी न्यायची?

गावाच्या इतिहासाच्या पुस्तिकेत आपल्या सगळ्यांबद्दल 'भारतातूनही काही लोक आले' एवढं एकच वाक्य आहे. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन, इथे फक्त एवढंच म्हणते की बाहेरचे लोक आपल्याबद्दल जे लिहीत नाहीत, ते निदान आपण स्वतः नष्ट करू नये.

वसंतात एक बारा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. शाळेत 'मुळं' शोधण्याचा प्रकल्प होता, घरच्यांचा इतिहास लिहून न्यायचा होता. तिच्या आजोबांनी तिला माझ्याकडे पाठवलं. ते आजोबा तुमच्या समितीत आहेत, आणि ठरावाला त्यांनी हात वर केला हे मला नंतर कळलं. मी किल्ली मागून घेतली, कपाट उघडलं, लग्नांची वही काढली. तिच्या आजीचं लग्न १९६९ चं. त्या नोंदीत आजीची आई, तिची आई आणि तिचीही आई होती. शेवटची रोह्याची. मुलीला अक्षरं वाचता येत नव्हती. मी एकेक नाव वाचत गेले आणि ती त्याच्याखाली बोट फिरवत गेली. रोह्याच्या नावापाशी तिने बोट थांबवलं आणि विचारलं, "हे माझं नाव आहे ना?" होतं. आजीच्या पणजीचं नाव तिला ठेवलेलं होतं, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. तिने फोनवर त्या पानाचा फोटो काढला, मग वहीच्या पुठ्ठ्याचाही काढला.

आता मागण्या. त्या थोड्या आहेत आणि मला वाटतं कुणालाही न परवडणाऱ्या नाहीत.

गेनिझासाठी कपाटातून एकही कागद बाहेर जाण्याआधी सगळ्याची यादी करा. ती करायला मी आणि मघाशी म्हटलेली पाच माणसं तयार आहोत. पवित्र नाव असलेले कागद आम्ही वेगळे काढून देऊ, प्रत्येकाचा अर्थ सांगू, आणि शंका असेल तिथे रब्बींना विचारू. तोवर ठराव थांबवा.

मराठी वह्या, नोंदवही, कीर्तनाच्या आणि मलिद्याच्या वह्या पानन् पान स्कॅन करा. खर्चासाठी मंडळाच्या पैशाला हात लावू नका, वर्गणी मी गोळा करते. मूळ वह्या जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊ करा आणि स्कॅनची एक प्रत मुंबईत महाराष्ट्राच्या पुराभिलेखागाराकडे पाठवा. हा तितकाच कोकणचाही इतिहास आहे. एक प्रत गावात राहिली पाहिजे, कुणालाही मागितल्यावर बघता येईल अशी.

मोठ्या मंडळाशी पुन्हा बोला, आणि यावेळी लेखी बोला. महिन्यातला एक शब्बाथ आपल्या हझानने, प्रार्थना चालवणाऱ्याने, आपल्या चालीवर चालवावा. किप्पुरची शेवटची तेफिला, नेइला, आपल्या चालीवर व्हावी, ते जमत नसेल तर निदान तिच्यातला एक भाग. मलिद्यासाठी त्यांचं स्वयंपाकघर वर्षातून काही वेळा मिळावं. सेफेर तोरा कोकणच्या पेटीतच राहावा, आणि तो कुठून, कुणाकडून आला हे पेटीजवळ मराठीत आणि हिब्रूत लिहिलेलं असावं.

चव्वेचाळीस पाट्या एकत्र राहाव्यात. नव्या जागेत एक भिंत मागा, तेवढी जागा कुठेही निघते. ती सहा नावं हश्काबाच्या यादीत घाला. वाचायला कुणी नसेल तर मी वाचीन, परवानगी द्या.

आणि नव्याने बैठक बोलवा. सूचना हिब्रूत आणि मराठीत लावा, आठ दिवस आधी लावा, वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला, बाईला आणि पुरुषाला, मत द्या. त्या बैठकीत जर सगळ्यांनी मिळून मशीद बंद करायचं ठरवलं तर मी तो निर्णय मानीन. माझ्या वडिलांच्या वहीत तो ठराव मी स्वतः मराठीत लिहीन, तारखेसह, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेईन.

गेनिझाची गाडी तिश्रीनंतरच्या हेश्वान महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणार आहे असं कळलं. त्याआधी दर गुरुवारी, फरशी पुसून झाली की, सकाळी नऊ ते बारा मी मशिदीत बसलेली असेन. टेबल, कोऱ्या वह्या, हातमोजे मी आणते. कपाटाची किल्ली चिटणीसांकडे आहे, ती तेवढी पाठवा.

तुमची,
पहिल्या खजिनदारांची मुलगी